एकत्रीकरण पुन्हा? आधी जुनं निस्तरा

शिवारकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'पंजाबसारखी सक्तीनं जमीन एकत्र करा, गावं आपोआप सुधारतील.' अहो, तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आपल्याकडे 1947 पासून आहे! जुने सर्व्हे नंबर मोडून, जमिनींची कागदावर अदलाबदल करून नवे गट पाडले, आणि हाती काय आलं? सातबारा एकाचा, वहिवाट दुसऱ्याची. आमची काळी जमीन कागदावर भावकीकडे गेली, आमच्या नावे मुरमाड माळ. आजही कसतो आम्ही काळीच, पण तिच्यावर पीककर्ज मिळत नाही.

ठिबकवाला: मग तुकडे तसेच ठेवायचे का? 1970-71 मध्ये राज्यात सरासरी खातं, म्हणजे एका खातेदाराची जमीन, 4.28 हेक्टरचं होतं, 2015-16 ला 1.34 वर आलं. माझी साडेतीन एकर पाच ठिकाणी आहे. विहीर एकाच तुकड्यात. पाइपलाइन न्यायची तर तिघांच्या बांधावरून, आणि त्यातला एक माझ्याशी बोलत नाही.

शिवारकर: खातं लहान झालं ते वाटण्यांनी. पाच तुकडे एका जागी आणले तरी साडेतीनाची चार एकर होणार नाही.

माहेरवाशीण: वाटण्यांचा विषय निघालाच आहे तर ऐका. 'तुकडे नकोत' म्हणत पहिली सही बहिणीची घेतात, हक्कसोडपत्रावर. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला समान हिस्सा दिलाय. माझ्या भावांनी आपसात तीन वाटे केले, तेव्हा तुकडे झाले नाहीत का?

ठिबकवाला: ताई, बहीण कसायला येते का? हुंडा, दिवाळसण, बाळंतपणं कुणी केली?

माहेरवाशीण: धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला आहे, तो तरी कुठे कसतो? त्याला नाही विचारलंत! साडीचोळीवर एकराची बोळवण करू नका.

बांधकरी: भांडा खुशाल. सक्ती नको हे मलाही पटतं. पण 2023 च्या सलोखा योजनेत, एकमेकांच्या जमिनीवर दोघांचा ताबा बारा वर्षांचा असेल तर कागदावरही अदलाबदल होते. मुद्रांक शुल्क हजार रुपये, नोंदणी फी हजार. शिवारकर, तुमचं प्रकरण यातच बसतं.

शिवारकर: बसतं, मान्य. पण समोरच्याची संमती लागते. तो म्हणतो, वर एकरभर दे, मग सही.

माहेरवाशीण: आणि सातबाऱ्यावर बहिणींची नावं असतील तर त्यांच्याही सह्या लागतील. त्या दिवशी विचारू नका, ती कसायला येते का म्हणून.