शब्दचर्चा : हमबकरच्या 'वॉर्म' नादाला 'उबदार' म्हणावे काय?

प्रश्न : धरमपेठ, नागपूर

नमस्कार. मी हौसेने इलेक्ट्रिक गिटार वाजवतो आणि सध्या बाजारात सुटे मिळणाऱ्या, म्हणजे मूळ पिकअप काढून त्याजागी बसवायच्या हमबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांच्या, पिकअपांच्या नादाची तुलना मराठीत लिहून काढण्याच्या खटपटीत आहे. पिकअप म्हटल्यावर आमच्या घरच्यांच्या डोळ्यांपुढे कळमन्याच्या बाजारात संत्री घेऊन जाणारी गाडी उभी राहते; म्हणून सांगतो की येथे पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेला, चुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी असलेला तो भाग, जो तारेचे कंपन विजेच्या रूपाने उचलतो.

लेस पॉल घडणीच्या माझ्या गिटारमध्ये मी मानेजवळ सेमूर डंकन कंपनीचा 'फिफ्टी-नाइन' आणि घोडीजवळ, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीजवळ, डिमार्झिओ कंपनीचा 'सुपर डिस्टॉर्शन' बसवला आहे. सगळी जोडणी मी स्वतःच केली. आता दोहोंचे वर्णन लिहायला बसलो, तर पहिल्याच ओळीत अडलो. इंग्रजी वर्णनांत 'टोन'ला 'ब्राइट' किंवा 'वॉर्म' म्हटलेले पदोपदी आढळते आणि 'वॉर्म'ला 'उबदार' असा प्रतिशब्द सर्रास दिला जातो. परंतु मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना, कुलरसमोर बसून 'या पिकअपचा नाद उबदार आहे' असे लिहिले, तर ते कौतुक आहे की तक्रार, हेच वाचणाऱ्याला कळणार नाही, अशी मला शंका येते. 'उबदार' हा शब्द गोधडीला शोभतो. नादाला तो मराठीत कधी लावला जात होता काय?

दुसरे असे की घोडीजवळच्या पिकअपचे वर्णन करताना माझ्या मनात आपोआप 'गेंगाणा' आणि 'पातळ' हे शब्द आले. गेंगाणा हे विशेषण केवळ माणसाच्या बोलण्यासाठी आहे, की वाद्यासाठीही चालेल?

प्रतिसाद : महाल, नागपूर

मी सतार शिकवतो. गिटारमधले मला फारसे कळत नाही, पण शब्दांबद्दल चार गोष्टी सांगू शकतो.

प्रथम 'टोन' या शब्दाकडेच पाहावे. संगीताच्या परीक्षांना बसलेल्या प्रत्येकाने नादाचे तीन गुण पाठ केलेले असतात: लहानमोठेपणा, उच्चनीचता आणि जाती. एकाच पट्टीतला, तितकाच मोठा षड्ज सतारीवर वाजला की बासरीवर, हे डोळे मिटूनही ज्यामुळे ओळखता येते ती नादाची जाती होय, आणि गिटारवाले ज्याला टोन म्हणतात ते बहुतांशी हेच आहे. बोलीत मात्र 'टोन' म्हटले की 'त्याच्या बोलण्याचा टोन मला आवडला नाही' हाच अर्थ आधी पुढे येतो. म्हणून निदान लेखनात आपण 'नाद' किंवा 'नादाचा पोत' वापरावे असे मी सुचवीन.

'उबदार' नादासाठी वापरलेला मी जुन्या वादकांच्या तोंडून कधी ऐकला नाही. आमच्याकडे हा भेद जवारीच्या भाषेत बोलला जातो. घोडीचा माथा कसा घासला आहे यावर तार तिला किती आणि कशी घासून जाते हे ठरते, आणि त्यावरून जवारी खुली की बंद हे म्हटले जाते. खुल्या जवारीचा नाद झणझणीत, वरच्या अंगाने चमकणारा असतो. बंद जवारीचा नाद गोल असतो. तेव्हा आपल्या 'ब्राइट'साठी 'खुला' आणि 'वॉर्म'साठी 'गोल' हे शब्द तयारच आहेत. गाणाऱ्याच्या आवाजालाही 'गोलाई आहे' असे आपण म्हणतोच. छेडल्यानंतर स्वर रेंगाळतो त्याला 'आस' म्हणतात. सस्टेन या शब्दाची गरज मला तरी भासत नाही. आणि खालच्या अंगाच्या भरीवपणासाठी डग्ग्याचा 'घुमारा' आहे, तो उसना घ्यायला तबलजी हरकत घेणार नाहीत.

'गेंगाणा' वाद्याला अवश्य चालेल. शहनाईच्या पत्तीत बिघाड झाला की आम्ही तोच शब्द वापरतो.

प्रतिसाद : सदर, नागपूर

मूळ चर्चेत थोडी भर घालतो. हमबकर या नावातला 'हम' म्हणजे विजेच्या प्रवाहामुळे येणारी गुणगुण आणि 'बक' म्हणजे तिला विरोध करणे. स्टॅबिलायझरवाले 'बक-बूस्ट' म्हणतात त्यातला 'बक' हाच. कोणी 'गुणगुणरोधक' असा शब्द घडवू लागल्यास त्यांना कृपया थांबवावे. 'हमबकर' बरा आहे.

प्रतिसाद : सीताबर्डी, नागपूर

गिटार आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे या शब्दांशी माझा रोजचा झगडा आहे. गिऱ्हाईक येऊन 'काका, आवाज वॉर्म करून द्या' म्हणते, तेव्हा त्याला नेमके काय हवे आहे हे काढून घेण्यात माझा अर्धा तास जातो. महालच्या सरांनी सुचवलेला 'गोल' मला आवडला. तथापि माझा अनुभव असा की 'वॉर्म' या एका शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि त्या तिन्हींना एकच मराठी शब्द दिला, तर घोटाळा फक्त भाषा बदलून तसाच राहतो.

पहिली गोष्ट म्हणजे वरचे टोक बोथटणे. हमबकरमध्ये हे रचनेतूनच येते. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी 1955 साली ज्या रचनेसाठी पेटंटचा अर्ज केला आणि जी 1957 पासून गिटारींवर बसू लागली, तिच्यात दोन वेटोळी शेजारीशेजारी असतात. ती एकमेकांच्या उलट दिशेने जोडलेली आणि त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलटे. बाहेरून आलेली गुणगुण दोन्ही वेटोळ्यांत सारखीच शिरते आणि उलट जोडणीमुळे परस्परांत जिरते. तारेचा संदेश मात्र ध्रुव आणि जोडणी दोन्ही उलट असल्यामुळे पुन्हा सुलट होऊन दुप्पट जोमाने बाहेर पडतो. परंतु दोन वेटोळी तारेला दोन जागी ऐकतात, त्यामुळे अगदी वरचे, आखूड लहरींचे स्वरांश काही अंशी आपापसांत खोडले जातात. शिवाय दोन वेटोळ्यांचा इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला वेटोळे करते तो विरोध, एका वेटोळ्यापेक्षा जास्त असल्याने नाद जेथे सर्वांत ठळक असतो तो उंचवटा खालच्या बाजूला सरकतो. या परिणामाला 'गोल' हा शब्द चपखल बसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मधल्या व खालच्या भागाचा भराव. त्याला मी 'भरदार' म्हणतो. नाद गोल असून भरदार नसू शकतो. टोनची कळ पूर्ण मागे फिरवली की असेच होते. उलट आपला सुपर डिस्टॉर्शन भरदार आहे, पण त्याला गोल म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण त्याचा सिरॅमिक चुंबक नादाला धार देतो. 1972 साली आलेला हा पिकअप सुट्या विकल्या जाणाऱ्या पिकअपांमधला आद्य मानला जातो आणि ॲम्प्लिफायरचा आवाज लवकर फाटायला लावणे हाच त्याचा हेतू होता. याउलट 'फिफ्टी-नाइन' हा त्या 1957 नंतरच्या जुन्या पिकअपांच्या वळणावर बांधलेला, अल्निको 5 या मिश्रधातूच्या चुंबकाचा पिकअप. मानेजवळच्या नगाचा विद्युतरोध साडेसात किलोओहमच्या आसपास असतो, तर सुपर डिस्टॉर्शनचा साडेतेराच्या वर. मात्र हा आकडा मोठा म्हणजे नाद मोठा, असे सरळ गणित मांडू नये. तार बारीक वापरली की तेवढ्याच वेढ्यांतही रोध वाढतो.

तिसरी गोष्ट म्हणजे जोरात छेडल्यावर नादात येणारी किंचित खरखर. तिला मी आजवर 'दाणेदार' म्हणत आलो आहे.

इंग्रजीतल्या 'मडी'साठी 'गढूळ' हा सरळ शब्द आहे. आणि कोणाचाही नाद 'बद्द', म्हणजे तडा गेलेल्या माठासारखा येत असेल, तर पिकअपला नावे ठेवण्याआधी व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या कळीखालचा रोधक, पाहावा. हमबकरला 500 किलोओहमचा लागतो. घाईत कोणी 250 चा बसवलेला असतो आणि सगळी चमक तोच खाऊन टाकतो. अशा तीन गिटारी तर याच महिन्यात माझ्याकडे आल्या.

आता आपल्या 'गेंगाणा' आणि 'पातळ'कडे येतो. शब्द योग्य आहेत काय, असे आपण विचारले. माझी अडचण वेगळी आहे. शब्द योग्य असतील, तर पिकअप योग्य नाही. सुपर डिस्टॉर्शनला लोक बोचरा म्हणतील, उद्धट म्हणतील, पण पातळ म्हणणार नाहीत. कृपया एवढेच सांगा : घोडीजवळचा पिकअप एकटा लावून गिटार चालू कुलरजवळ नेल्यास गुणगुण येते काय?

प्रश्नकर्ता : धरमपेठ

काका, येते, आणि चांगली मोठी येते. षड्ज कुठेही धरा, ती आपली खाली एकसुरी चालूच असते. मानेजवळचा पिकअप लावला की गप्प होते. मी तो दोष कुलरच्या मोटारीचा समजत होतो.

प्रतिसाद : सीताबर्डी

मोटार निर्दोष आहे. आपल्याकडचा वीजप्रवाह 50 हर्ट्झचा, त्यामुळे ती गुणगुण मंद्राच्याही खाली, पाश्चात्त्य जी आणि जी शार्प यांच्या मध्ये कुठेतरी पडते, म्हणूनच ती कोणत्याच गाण्यात सुरात वाटत नाही.

आपण बहुधा दोन्ही पिकअप तारांच्या रंगांच्या एकाच तक्त्यावरून जोडले. डंकनमध्ये काळी तार संदेशाची, हिरवी आणि उघडी तार अर्थिंगची, तर लाल व पांढरी एकमेकींना जोडायच्या असतात. डिमार्झिओमध्ये संदेश लाल तारेतून येतो, हिरवी व उघडी अर्थिंगला जातात आणि काळी व पांढरी एकमेकींना जोडल्या जातात. डंकनच्या रंगांनी डिमार्झिओ जोडला की दोनपैकी एक वेटोळे उलटे लागते. मग सगळा व्यवहारच फिरतो: जिरायला हवी ती गुणगुण बेरजेत जाते आणि वाढायला हवा तो तारेचा संदेश वजाबाकीत. खालचा भराव दोन्ही वेटोळ्यांत जवळपास सारखा असल्यामुळे तो सर्वांत जास्त खोडला जातो, वरचे थोडे उरते, आणि जे उरते ते नाकातून बोलल्यासारखे वाटते. आपण ऐकले ते बरोबर ऐकले आणि लिहिलेही बरोबर. तेथे 'उबदार नाही' एवढेच लिहिले असते, तर मला काहीही उमगले नसते.

प्रतिसाद : महाल

एक दुरुस्ती सुचवतो. 'दाणेदार' हा शब्द आमच्याकडे गुंतलेला आहे. दाणेदार तान म्हणजे जिच्यातला प्रत्येक स्वर सुटा, स्वच्छ ऐकू येतो ती, अर्थात आपल्या खरखरीच्या अगदी उलट. एकाच शब्दाने गवयाने स्वच्छता समजावी आणि गिटारवाल्याने खरखर, हे बरे नव्हे. 'किंचित घोगरा' का म्हणू नये? घोगरेपणात दोष असतो, पण आपलेपणाही असतो, आणि इंग्रजी 'वॉर्म'मधला तो आपलेपणा 'उबदार'पेक्षा मला येथे जास्त सापडतो.

प्रतिसाद : सीताबर्डी

मान्य. दाणेदार मागे घेतो.

प्रश्नकर्ता : धरमपेठ

काल रात्री लाल आणि काळ्या तारांची अदलाबदल करून पुन्हा सोल्डर केले. गुणगुण गेली. पहिला झंकार काढला तेव्हा शेजारच्या खोलीतून आईने 'काय पडले?' असे विचारले, तेव्हा भरदार या शब्दाबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

आता वर्णन असे झाले आहे : मानेजवळचा 'फिफ्टी-नाइन' गोल आणि स्वच्छ, आस लांब, जोरात छेडल्यास किंचित घोगरा, मात्र जाड तारांवर फार खाली वाजवले तर गढूळ होण्याकडे कल. घोडीजवळचा सुपर डिस्टॉर्शन भरदार, धारदार, घुमारा आटोपशीर. 'उबदार' मी एकदाही वापरलेला नाही आणि 'गेंगाणा' खोडला आहे. एकच जागा रिकामी आहे. पिकअप निवडण्याची कळ मधोमध ठेवून दोन्ही पिकअप एकत्र लावले की जो नाद येतो, तो गोलही नाही आणि खुलाही नाही. काहीसा विरळ, पण पोकळ म्हणावा असा नाही. त्याला शब्द सुचत नाही.

प्रतिसाद : महाल

ऐकल्याखेरीज शब्द देणे मला जमत नाही. रविवारी सकाळी गिटार आणि ॲम्प्लिफायर घेऊन आमच्याकडे या. सीताबर्डीच्या काकांनाही आणा. कुलर चालूच ठेवीन.