कुंडीतला टोमॅटो पिवळा पडतोय, कुठे चुकतंय?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक): गच्चीवर पहिल्यांदाच भाजी लावलीये. रंगाच्या 20 लिटरच्या बादलीत टोमॅटोची दोन रोपं. माती मामांच्या निफाडच्या शेतातली, काळीभोर. रोज तांब्याभर पाणी घालते, तरी खालची पानं पिवळी पडून गळताहेत. काल बोट खुपसलं तर वर भेगा, आत नुसता चिखल आणि कुबट वास. रोपं वाचवायचीच आहेत. काय करू?

उत्तर: ताई, आधी पाणी थांबवा. काळी माती शेतात सोनं, पण बादलीत घट्ट बसते आणि मुळांना हवाच मिळत नाही. बुडाला भोकं किती आहेत?

प्रश्नकर्ती: दोनच, खिळ्याने पाडलेली.

उत्तर: तिथेच अडलंय. तापल्या सळईने बोट जाईल एवढी सहा-सात पाडा, वर खापरीचे तुकडे ठेवा. माती, गांडूळखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सारखं घेऊन कालवा. एका बादलीत एकच रोप. रोप नव्या मातीत संध्याकाळी लावा, मग दोन-तीन दिवस सावलीत. बादली विटांवर ठेवा, नाहीतर भोकं गच्चीलाच टेकतात. पाणी बोट दोन पेरं कोरडं लागलं तरच.

दुसरं उत्तर: जोडीला पसरट टबात मेथी टाका. स्वयंपाकघरातलेच दाणे रात्रभर भिजवून. महिन्याभरात जुडी निघते, हात बसतो.

प्रश्नकर्ती: आज बादली उलटी केली. एका रोपाची मुळं तपकिरी, मऊ झालीत. दुसऱ्याची अजून पांढरी आहेत. तेच लावलंय. मेथी भिजत घातलीये.