ऑर्डर ‘टिल फ्रायडे’ की ‘बाय फ्रायडे’? दुकानाचे इंग्रजी मेसेज तपासून हवेत

करकर_वाजणारी
मंडळी, कोल्हापुरात महाद्वार रोडला चपलांचं दुकान आहे. बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर इंग्रजीत उत्तरं द्यावी लागतात. शब्द सुचतात, पण मधली प्रिपोझिशन्स अंदाजपंचे पडतात. एवढी वाक्यं बघा, आणि चुकलं असेल तर का तेही सांगा.

१. युअर ऑर्डर विल बी रेडी टिल फ्रायडे.
२. वी आर ओपन बिटवीन १० टू ८.
३. वी विल कुरिअर इट आफ्टर टू डेज.
४. अवर शॉप इज इन महाद्वार रोड, निअर टू अंबाबाई टेम्पल.
५. दीज चप्पल्स आर मेड फ्रॉम लेदर.
६. वी आर मेकिंग चप्पल्स सिन्स ४० इयर्स.

गुऱ्हाळघर
धंद्याला सगळ्यात महागात पडणारी चूक पहिलीच आहे. आपल्या एका ‘पर्यंत’चे इंग्रजीत दोन तुकडे होतात. काम एकदा होऊन संपणार असेल तर बाय, एखादी स्थिती तोवर चालू राहणार असेल तर टिल. म्हणून ऑर्डर ‘रेडी बाय फ्रायडे’ आणि दुकान ‘ओपन टिल एट’. तुम्ही लिहिलंय त्याचा अर्थ होतो, चपला शुक्रवारपर्यंतच तयार राहतील, पुढचं माहीत नाही!

ओळखायचं कसं? ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून बघा. ‘शुक्रवारच्या आत तयार’ जमतंय, म्हणजे बाय. ‘आठच्या आत उघडं’ विचित्र लागतं, म्हणजे टिल. एक गोम आहे. ‘इट वोन्ट बी रेडी टिल फ्रायडे’ हे बरोबर, कारण तिथं ‘तयार नसणं’ शुक्रवारपर्यंत चालू राहतं. अर्थ मात्र बदलला: त्याआधी मिळणार नाही.

सहाव्यात ‘पासून’नं तोच घोळ घातलाय. कालावधी मोजायचा तर फॉर, सुरुवातीचा क्षण सांगायचा तर सिन्स: ‘फॉर ४० इयर्स’, ‘सिन्स १९८५’. पण नुसतं प्रिपोझिशन बदलून भागत नाही. मराठीत ‘बनवतोय’ चालतं, इंग्रजीत इथं ‘वी हॅव बीन मेकिंग’ लागतं.

तिसऱ्यात आजपासून दोन दिवस मोजायचे असतील तर ‘इन टू डेज’. आफ्टर कशाच्या तरी नंतर येतो: ‘टू डेज आफ्टर पेमेंट’. ‘विदिन टू डेज’ जपून वापरा. त्यात उद्याही आला आणि तिसरा दिवस उजाडला की शब्द मोडला.

केएमटी_मागचा_दरवाजा
राहिलेली मी घेतो.

रस्त्याला ऑन, ठिपक्यासारख्या जागेला ॲट, पसरलेल्या भागाला इन: ऑन महाद्वार रोड, ॲट बिंदू चौक, इन राजारामपुरी. जुन्या पुस्तकात ‘इन द स्ट्रीट’ दिसलं तर दचकू नका, ती ब्रिटिश पद्धत. निअरपुढचा टू काढून टाका.

दुसऱ्यात दोन जोड्या एकत्र झाल्यात. ‘१० ते ८च्या दरम्यान’ हे आपल्या डोक्यात असतं ना, त्यामुळं. बिटवीनबरोबर ॲन्ड, फ्रॉमबरोबर टू. वेळ सांगताना ‘फ्रॉम १० टू ८’च बरं, ‘बिटवीन’ म्हटलं की मधे कधीतरी उघडं असेल असंही वाटू शकतं.

पाचवं आपल्या जिल्ह्यातच सुटतं. चपलेत कातडं दिसतं, म्हणून मेड ऑफ लेदर. गुळात ऊस दिसत नाही, म्हणून मेड फ्रॉम शुगरकेन.

आणि विचारलं नाहीत तरी, गिऱ्हाईक ‘हाऊ टू रीच’ विचारणारच. बसला ऑन, रिक्षाला इन. उभं राहून आत चालता येतं त्या वाहनाला ऑन. बाय लावलात तर पुढं द किंवा माय नको: बाय बस, पण इन माय कार.

करकर_वाजणारी
झकास! पैशाचं काय? ‘पे बाय कॅश’ लिहितो. आणि शेवटी ‘कॉन्टॅक्ट टू अस’.

गुऱ्हाळघर
‘इन कॅश’ जास्त रुळलेलं, ‘बाय कॅश’ही खपतं. कार्ड, यूपीआय यांना बाय. बिल असेल तर ‘पे द बिल’, वस्तू असेल तर ‘पे फॉर द चप्पल्स’. सूट ऑन: ‘१० परसेंट डिस्काउंट ऑन टू पेअर्स’.

‘कॉन्टॅक्ट अस’, टू नको. आपला ‘आमच्याशी’ तिथं उगाच घुसतो. ‘डिस्कस अबाउट’मधला अबाउट आणि ‘ऑर्डर फॉर टू पेअर्स’मधला फॉर असेच उपरे, ऑर्डर नाम असेल तेव्हा मात्र फॉर हवा, ‘युअर ऑर्डर फॉर टू पेअर्स’. रिप्लायचं उलटं: ‘रिप्लाय टू माय मेसेज’, तिथं टू गाळू नका.

करकर_वाजणारी
पाटी अशी करतो: ‘ओपन फ्रॉम १० टू ८ ऑन एव्हरी डे’.

केएमटी_मागचा_दरवाजा
ऑन काढा. एव्हरी, नेक्स्ट, लास्ट, धिस यांच्यामागं ऑन बसत नाही. ‘ऑन मंडे’, पण ‘नेक्स्ट मंडे’.