अपडेट टर्मिनलवर स्वतः करावे, की संगणकावर सोडून द्यावे?

अभ्यासिकावाला, महाल:
आमच्या अभ्यासिकेत उबुंटू या लिनक्स प्रणालीवर चालणारे 11 संगणक आहेत आणि त्यांची देखभाल माझ्याकडे आहे. दर रविवारी सकाळी, मुले यायच्या आत, मी प्रत्येक संगणकावर टर्मिनल, म्हणजे आदेश टाइप करण्याची खिडकी, उघडून आधी 'सुडो आप्ट अपडेट' आणि मग 'सुडो आप्ट अपग्रेड' चालवतो. पहिल्या आदेशाने संगणकातील एकही पॅकेज (प्रोग्रॅम किंवा त्याचा भाग) बदलत नाही, केवळ कशाची नवी आवृत्ती आली आहे याची यादी ताजी होते. खरा बदल दुसऱ्या आदेशाने होतो आणि तोही यादी दाखवून, होकार घेऊन. हा मधला थांबा मला मोलाचा वाटतो. मध्यंतरी दोन संगणकांवरून छपाई बंद पडली, तेव्हा आप्टच्या हिस्ट्री लॉगमध्ये कोणत्या दिवशी कोणते पॅकेज बदलले हे पाहिले आणि छपाईचे कप्स हे पॅकेज त्याच आठवड्यात बदलल्याचे दहा मिनिटांत कळले. म्हणून आपोआप होणारी अपडेट मी सगळीकडे बंद केली आहेत, आणि इतरांनीही तसेच करावे असे माझे मत आहे.

हिशेबनीस, सीताबर्डी:
आपली शिस्त वाखाणण्यासारखी आहे, पण निष्कर्ष मला धोक्याचा वाटतो. सुरक्षेची दुरुस्ती सोमवारी आली, तर आपले 11 संगणक पुढच्या रविवारपर्यंत उघडे राहणार, आणि त्या रविवारी आपल्या घरी लग्न निघाले तर आणखी एक आठवडा. 2017 साली वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस मे महिन्यात पसरला, पण विंडोजमधील ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवलीच नव्हती असे असंख्य संगणक त्यात सापडले. शिवाय ज्या लॉगचा आपण दाखला दिलात, त्यात आपोआप झालेल्या अपडेटचीही नोंद होतेच, तेव्हा ते श्रेय टर्मिनलचे नव्हे. आणि खरे सांगा, साठ पॅकेजांची यादी आपण वाचता का? त्यातली निम्मी नावे 'लिब'ने सुरू होतात आणि ती कशासाठी आहेत हे मला तरी सांगता येणार नाही.

अभ्यासिकावाला, महाल:
सगळी नावे कळत नाहीत, हे कबूल. पण कर्नल (प्रणालीचा गाभा), छपाई आणि ब्राउझर यांची नावे ओळखू येतात आणि माझ्या कामापुरते तेवढे पुरते. घाईचेही तोटे असतात. 2024 च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा पेरल्याचे उघड झाले. सर्वांत नवे ते सर्वांत आधी घेणारेच त्यात अडकले.

छापखानेवाला, गांधीबाग:
हे उदाहरण आपल्या बाजूचे नाही. एक्सझेडच्या त्या आवृत्त्या उबुंटू ज्यावर बेतलेली आहे त्या डेबियन प्रणालीच्या चाचणी शाखांपर्यंत पोहोचल्या होत्या, स्थिर शाखेत त्या आल्याच नाहीत. उबुंटूची आपोआप अपडेट मुळात सुरक्षेच्या दुरुस्त्यांपुरतीच ठरवलेली असतात आणि त्या दुरुस्त्या बहुधा जुन्याच आवृत्तीत बसवून दिलेल्या असतात. म्हणजे 'नवे' आणि 'दुरुस्त' यांत आपण गल्लत करीत आहात.

मात्र हिशेबनीस साहेब, आपलाही एक मुद्दा अपुरा आहे. आपल्या नागपुरात मे महिन्यात दुपारची वावटळ सुटली की लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. आपोआप अपडेट कोणत्या क्षणी चालू आहे हे माणसाला ठाऊकच नसते. माझ्याकडे पॅकेज अर्धवट बसलेले असताना लाइट गेली. संगणक सुरू तर झाला, पण पुढे काहीच बसवू देईना. 'सुडो डीपीकेजी' आणि त्यापुढे 'कॉन्फिगर' व 'ए' हे पर्याय दिल्यावर राहिलेले काम पुरे झाले. तेवढे टर्मिनल ज्याला येत नाही, त्याने आपोआपच्या भरवशावर राहून काय करावे?

हिशेबनीस, सीताबर्डी:
त्याने यूपीएस घ्यावा. ही अडचण विजेची आहे, अपडेटची नव्हे. आपले एक मात्र मान्य करतो, आणि ते मी स्वतः उशिरा शिकलो. आपोआप अपडेट माणसाला त्याच आवृत्तीत ठेवतात, पुढच्या आवृत्तीवर नेत नाहीत. उबुंटूच्या 20.04 या आवृत्तीचा नेहमीचा पाच वर्षांचा आधार मे 2025 मध्ये संपला, तरी आमच्या कार्यालयात 'सगळे ताजे आहे' या समजात तो संगणक पुढे बरेच दिवस चालला.

अभ्यासिकावाला, महाल:
सुरक्षेची अपडेट मी आज पुन्हा आपोआप सुरू केली. सोमवार ते रविवार या अंतराला माझ्याकडे उत्तर नाही. बाकीची पॅकेजे मात्र रविवारीच आणि यादी पाहूनच बसवीन, मग ती कोणाला अर्धवट वाचलेली वाटो. आपल्या प्रतिसादानंतर तपासले, तर माझ्याकडेही दोन संगणक 20.04 वरच निघाले. त्यांना थेट 24.04 वर नेता येत नाही, आधी 22.04 आणि मग पुढे असे दोन टप्पे घ्यावे लागतात. त्यामुळे फाइलींची प्रत काढून, इन्व्हर्टर पूर्ण चार्ज करून, वावटळीच्या वेळेआधी सकाळी सहालाच बसणार आहे.