उमेदवाराचा वंश बातमीत दरवेळी कशाला?

रात्रपाळी: अमेरिकेच्या निवडणुकीच्या बातम्या वाचताना एक खटकतं. ओबामा असो की कमला हॅरिस, नावाआधी 'कृष्णवर्णीय' किंवा 'भारतीय वंशाच्या' लागतंच, पण बायडनला कुणी 'श्वेतवर्णीय उमेदवार' म्हटलेलं आठवतंय का? ही माहिती आहे का नुसतं लेबल?

चहाबाज: लेबलच, आणि जुनंच. १९८८ मध्ये जेसी जॅक्सन या कृष्णवर्णीय नेत्याने मिशिगन राज्य जिंकलं, प्रायमऱ्यांमध्ये (डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या फेऱ्यांमध्ये) जवळपास ७० लाख मतं घेतली, तरी चर्चा काय तर 'जेसीला हवंय तरी काय?' अरे बाबा निवडणूक लढवतोय, राष्ट्राध्यक्ष व्हायचंय त्याला, अजून काय हवं असणार!

उलटतपासणी: मान्य, पण वंश गाळून तरी कसं चालेल, काळ्या लोकांच्या मताधिकाराला खरं संरक्षण मिळालं १९६५ च्या कायद्याने, म्हणजे २००८ मध्ये ओबामा जिंकला ती बातमी वंशाशिवाय लिहिताच येणार नाही. माझा राग वेगळा आहे. जुलै २०२४ मध्ये शिकागोत ट्रम्प म्हणाले की हॅरिस अचानक कृष्णवर्णीय झाल्या. आई चेन्नईची, वडील जमैकाचे, शिक्षण कृष्णवर्णीयांसाठी उभारलेल्या हॉवर्ड विद्यापीठात, सगळं आधीपासून माहीत असलेलं. तरी चॅनलवाले पॅनल बसवून 'त्या नेमक्या कोण' यावर दळण दळत बसले.

रात्रपाळी: हो ना, दावा खोटा आहे हे पहिल्याच ओळीत लिहायचं सोडून.

चहाबाज: आणि गोऱ्यांचा वंश येतो तो फक्त मतदार म्हणून, 'गोरा कामगारवर्ग' वगैरे. उमेदवार गोरा असला की तो नुसताच उमेदवार.