मदत हवी आहे: वेल्सच्या खाणखोऱ्यांतला एक दिवस, ऱ्होंडाला कुठून जावं?

कार्डिफमधून गाडीने एका दिवसात दक्षिण वेल्सची जुनी कोळसा खोरी बघायची आहेत. सोबत आईबाबा. बाबा चंद्रपूरकडे कोळसा खाणीत होते, त्यामुळे ब्लाएनाव्हनची 'बिग पिट' ही जुनी कोळसा खाण (आता संग्रहालय) नक्की: लिफ्टने ९० मीटर खाली नेतात, बॅटरीची घड्याळं-मोबाइल वरच काढून ठेवावे लागतात. आईचे गुडघे दुखतात, ती वरच थांबेल.

मग ए-४६५ रस्त्याने मर्थरकडे आणि खाली अबरव्हॅन, जिथे १९६६ मध्ये खाणीच्या ढिगाऱ्याखाली ११६ मुलं गेली. तिथे फक्त स्मृती-उद्यानात शांतपणे थांबायचं आहे, फोटोबिटो नाही. शेवटी ऱ्होंडा.

अडलंय ते इथे. खोरी सगळी उत्तर-दक्षिण, मध्ये डोंगर. नकाशावर जवळ दिसणारं गाव प्रत्यक्षात भलत्याच खोऱ्यात निघतं. पुन्हा वर हिरवॉनला जाऊन ऱ्हिगॉसचा घाट (ए-४०६१) उतरावा, की ए-४७० ने सरळ पाँटीप्रिथवरून? मॅप्सवरच्या वेळा पाहिल्या, पण वळणं आणि धुकं त्यात कळत नाही. आईला घाट लागतो. ऑक्टोबरअखेर, अंधाराआधी परतायचंय.

सेंगेनिदचं १९१३ च्या खाणस्फोटाचं स्मारकही बघायचंय. ते यात बसेल, की त्यासाठी ऱ्होंडा सोडावं?