'व्हिक्टिम'ला मराठीत काय लिहावं? बळी, पीडित की मयत?

रत्नागिरी : हॅली रूबनहोल्ड यांचं 'बॅड विमेन : द रिपर रीटोल्ड' (२०२१) हे पॉडकास्ट ऐकून संपवलं. १८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात खून झालेल्या पाच बायकांची ही आयुष्यं. त्यांचा खुनी 'जॅक द रिपर' कोण, या कोड्यात ते शिरतच नाही, तेच आवडलं. त्यावर लिहायला बसले नि पहिल्याच ओळीत अडले. 'रिपरचे बळी' चालेल?

मालवण : नको. आमच्याकडे बळी म्हटलो की राखणीचो कोंबडो आठवता. बळी देणारा असतो तसा घेणाराही असतो, नि या वाक्यात घेणाऱ्याच्या पाटावर खुनी बसतो. 'दरडीने सहा बळी घेतले' हे छापून येतं ते ठीक, दरडीचं कौतुक कोणी करत नाही. रिपरच्या नावाने मात्र आजही तिथे पैसे घेऊन पर्यटकांना फिरवतात. शिवाय 'रिपरचे' ही षष्ठी! त्या बायका त्याच्या कधीपासून झाल्या?

चिपळूण : मग पीडित? (पिडीत नव्हे. पहिली दीर्घ, दुसरी ऱ्हस्व.)

मालवण : पीडित जिवंत असतो. २०२१च्या पुरानंतर तुम्ही 'पूरग्रस्त' होतात ना, तसा. आणि बातम्यांत 'पीडिता' येते ती नाव छापता येत नाही म्हणून. इथे तर नावं सांगण्यासाठीच सगळा खटाटोप आहे.

वेंगुर्ले : पंचनाम्यातला 'मयत' घ्या. रुक्ष आहे, पण खोटा नाही. त्या पाचांतल्या कॅथरीन एडोजच्या अंगावर मिळालेल्या वस्तूंची पोलिसांनी केलेली यादी म्हणजे पंचनामाच की. चहाची डबी, साखरेची डबी, साबणाचे सहा तुकडे, लाल हातमोजा, टाचण्या, सुया. सगळा संसार अंगावर घेऊन फिरणारी बाई! त्या यादीएवढं मला दुसरं काही लागलं नाही. अडचण एवढीच, की आमच्याकडे 'मयताक गेल्लो' म्हणजे अंत्ययात्रेला गेलो.

रत्नागिरी : 'अभागी'?

देवगड : मुळीच नको. त्या काळच्या इंग्रजीत 'अनफॉर्च्युनेट' हा वेश्येसाठीचा सभ्य शब्द होता. रूबनहोल्ड यांचं म्हणणं, की पॉली निकल्स, ॲनी चॅपमन नि एडोज देहविक्रय करत होत्या याला पुरावा नाही. तुमचा शब्द तोच शिक्का पुन्हा मारील.

अलिबाग : जरा वेगळं मत. 'त्या तसल्या नव्हत्या' हे सारखं ऐकून मी कंटाळले. मेरी जेन केली तो धंदा करत होती, हे रूबनहोल्डही मानतात. मग तिच्या खुनाचं दुःख कमी करायचं का?

देवगड : मुद्दा बरोबर, पण सगळा दोष त्यांना देऊ नका. बेघर, दारू पिणारी, नवऱ्यापासून वेगळी राहणारी बाई दिसली की तिला वेश्या ठरवून मोकळं व्हायचं, ही तेव्हाची रीत. ती खोडायची तर पुन्हा पुन्हा बोलावंच लागतं. आवाज कधीकधी वकिली होतो, हे मान्य.

रत्नागिरी : बरं, शीर्षकात 'खून झालेल्या पाच बायका' आणि आत थेट नावं. 'मारल्या गेलेल्या' लिहिलं तर?

मालवण : कशाला? ते इंग्रजीवरून उतरवल्यासारखं वाटतं. आपल्याकडे खून होतो, नाहीतर पडतो.